एकदम ओक्के : जालन्याच्या बोलण्यात रुळलेल्या एका शब्दाचा आढावा

जालन्याच्या मोंढ्यात भाव जमला की आडत्या म्हणतो, ‘ओके’. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये सळईचा नमुना चाचणीत उतरला की तिथंही ‘ओके’. ‘पोचला की फोन कर’ असं आईनं सांगितलं की एसटीच्या खिडकीतलं पोरगं ‘ओके’ म्हणतं. तहसीलच्या आवारात कागद हातात घेऊन उभा असलेला शेतकरी विचारतो, ‘साहेबांनी ओके केलं का?’ शब्द एकच, पण पहिल्या ठिकाणी तो व्यवहार पक्का करतो, दुसऱ्या ठिकाणी दर्जाची ग्वाही देतो, तिसऱ्या ठिकाणी ‘ऐकलं’ एवढंच सांगतो आणि चौथ्या ठिकाणी सरकारी मंजुरीच्या जागी उभा राहतो.

इंग्रजी बोलीतला हा अनौपचारिक शब्द मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात इतका खोल कसा रुजला? मराठीनं त्याच्या अर्थात काय बदल केले? तो आला म्हणून आपलं काही गेलं का? आपल्याकडे या प्रश्नांवर बहुधा दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक म्हणतं, ‘परका शब्द, हाकलून द्या’. दुसरं म्हणतं, ‘भाषा वाहती असते, चालू द्या’. दोन्ही उत्तरं घाईची आहेत. आधी हा शब्द प्रत्यक्षात काय काम करतो ते पाहायला हवं.

बोस्टनच्या वर्तमानपत्रातून

‘ओके’च्या जन्माबद्दल अनेक कथा प्रचलित होत्या. अमेरिकेतल्या चोक्टॉ या आदिवासी भाषेतून तो आला, असंही मत होतं आणि अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन ते मानत. या वादाचा निकाल लावला तो कोलंबिया विद्यापीठातले भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी. १९६३-६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकातल्या लेखांमधून त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांचे पुरावे मांडले. २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये हा शब्द छापील रूपात दिसतो. त्या काळी तिथल्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं वापरण्याची टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’, म्हणजे सगळं बरोबर, याची आद्याक्षरं खरं तर ‘ए’ आणि ‘सी’. उच्चारावरून चुकीचं लिहून ती ‘ओ’ आणि ‘के’ केली गेली.

अशी टूम वर्षा-दोन वर्षांत विरून जाते. हा शब्द टिकला, कारण १८४० ची अमेरिकी निवडणूक. अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन हे न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे. ‘ओल्ड किंडरहूक’ या त्यांच्या टोपणनावाची आद्याक्षरंही ‘ओके’च, आणि समर्थकांनी त्याच नावाचे क्लब काढले. व्हॅन ब्युरेन निवडणूक हरले, पण शब्द देशभर पोचला होता. पुढे तारायंत्रावर दोन अक्षरांत ‘संदेश पोचला, सगळं ठीक’ सांगायला तो फार सोयीचा ठरला.

अमेरिकी भाषाभ्यासक ॲलन मेटकाफ यांनी या एका शब्दावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्यांचं एक निरीक्षण आपल्या कामाचं आहे. इंग्रजीतला ‘ओके’ दुजोरा देतो, पण गुण लावत नाही. ‘विमान ओके उतरलं’ म्हणजे ते सुखरूप उतरलं, उत्तम उतरलं असं नव्हे. ‘जेवण ओके होतं’ म्हणजे खाण्याजोगं होतं, त्यापलीकडे कौतुक नाही. हा कोरडेपणा लक्षात ठेवू, कारण जालन्यात येईपर्यंत नेमका तोच गळून पडला आहे.

जालन्याची इंग्रजीशी जुनी ओळख

इंग्रजी या जिल्ह्यात आली ती बंदुकीबरोबर. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई गावी आर्थर वेलस्लीनं शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. त्यानंतर जालन्यात लष्करी छावणी पडली. छावणीच्या भाषेनं आपल्याकडे ‘पलटण’ आणि ‘रंगरूट’ असे शब्द दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली, आणि मिशनबरोबर शाळा-दवाखान्याचे शब्द आले. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली आणि ‘टेसन’, ‘तिकीट’, ‘सिंगल’ हे शब्द घरोघरी पोचले.

मात्र या सगळ्यात ‘ओके’ कुठेच नव्हता. रेल्वेत गार्ड आणि ड्रायव्हर एकमेकांना इशारा देत तो ‘ऑल राइट’चा. साहेबाच्या तोंडी हेच शब्द होते, ‘ओके’ त्याच्या लेखी अमेरिकी बाजारबोली होती. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, म्हणजे ‘ओके’च्या जन्माच्या आठ वर्षं आधीची. हा शब्द आपल्याकडे राज्यकर्त्याच्या हुकमानं आलेला नाही. तो आला वर्कशॉपमधून, सिनेमाच्या ‘शॉट ओके’मधून, टेलिफोनमधून आणि ट्रकच्या पाठीवरून. कामकरी माणसांनी कामाच्या जागी तो उचलला. आज गावात शाळेची पायरी न चढलेली आजीही तो बिनचूक वापरते, त्याचं मूळ इथं आहे.

‘ओके’च्या आधी काय होतं?

जालना हा जिल्हा म्हणून १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधी हा भाग औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांत होता, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कचेरीची भाषा आधी फारसी, मग उर्दू, बाजारात दखनी आणि घरात मराठी. त्यामुळे होकाराचे शब्द इथं भरपूर आहेत. शिकलेला ‘होय’ म्हणतो, खेड्यात ‘व्हय’ आणि ‘हाव’ चालतं, दखनी बोलणारा ‘हौ’ म्हणतो. अर्जावर ‘मंजूर’, अटीला ‘कबूल’, मुलगी किंवा मुलगा दाखवल्यावर ‘पसंत’, हिशेब जुळला की ‘बराबर’, काम होण्यासारखं असेल तर ‘जमतंय’, फार चांगलं नसलं तरी ‘चालतंय’, सांगितलेलं कानावर आलं की ‘बरं’, मनाला आलं की ‘पटलं’.

यातले ‘मंजूर’ आणि ‘कबूल’ मुळात अरबी, ‘पसंत’ आणि ‘बराबर’ फारसी. आज त्यांना कोणी परके म्हणत नाही. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांच्या लेखनातही अरबी-फारसी शब्द आढळतात, आणि त्यानं त्यांच्या मराठीचं तेज उणावलं नाही. बाहेरचा शब्द घेणं ही या मातीची जुनी रीत आहे. पण जुन्या शब्दांनी एक शिस्त पाळली होती. ‘कबूल’ आला तो अट मान्य करण्यासाठी, ‘मंजूर’ अर्जासाठी, ‘पसंत’ निवडीसाठी. प्रत्येकाला आपापलं काम होतं. ‘ओके’ या सगळ्यांची कामं एकटाच करू पाहतो.

तो इतका आवडता का झाला, याचंही उत्तर इथंच सापडतं. ‘व्हय’, ‘हाव’, ‘हौ’, ‘होय’ यांतला कोणताही शब्द उच्चारला की बोलणाऱ्याचा गाव, घर, शिक्षण कळून येतं. ‘ओके’तून यातलं काही कळत नाही. जालन्याच्या स्टील कारखान्यांत बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले कामगार मराठी कामगारांच्या बरोबरीनं भट्टीवर उभे असतात. तिथं दोघांनाही आपला वाटेल असा होकार लागतो. शिवाय ‘कर’ म्हणावं की ‘करा’, हा मानपानाचा पेचही ‘ओके’ला पडत नाही. हमाल व्यापाऱ्याला आणि व्यापारी हमालाला तोच शब्द देऊ शकतो. ही बरोबरी छोटी नाही, आणि शब्दाचा हा गुण मान्य केला पाहिजे.

मराठीनं त्याचं काय केलं

मराठीनं हा शब्द जसाच्या तसा ठेवला नाही, त्याला आपलं व्याकरण लावलं.

पहिली गोष्ट उच्चाराची. जोर द्यायचा असला की आपण व्यंजन दुप्पट करतो. ‘मोठा’चा ‘मोठ्ठा’ होतो, ‘असा’चा ‘अस्सा’. त्याच चालीनं ‘ओके’चा ‘ओक्के’ झाला. दुसरी गोष्ट क्रियापदाची. फाइल ओके ‘करतात’, काम ओके ‘होतं’, रक्ताचा रिपोर्ट ओके ‘येतो’, तब्येत ओके ‘असते’. तिसरी गोष्ट सर्वांत मराठमोळी आहे. आपण माणसाची अवस्था जागेसारखी सांगतो. तो मजेत असतो, आनंदात असतो, घाईत असतो, तोऱ्यात असतो. ‘टेन्शनमध्ये’, ‘फॉर्ममध्ये’ हे त्याच साच्यातून निघाले, आणि ‘ओकेमध्ये’ही. ‘सगळं ओकेमध्ये आहे’ या वाक्याचा शब्दशः इंग्रजी तर्जुमा कोणत्याही इंग्रजाला कळणार नाही. ते वाक्य शंभर टक्के मराठी आहे.

चौथा बदल अर्थाचा. इंग्रजीतला गुण न लावणारा शब्द इथं पैकीच्या पैकी गुण देऊ लागला. ‘एकदम ओके’ म्हणजे कसलीही उणीव नाही. उलट साधारण असं सांगायचं असेल तर तरुण पोरं शब्द दोनदा म्हणतात. पिक्चर कसा होता? ‘ओके ओके’. एकदा म्हटलं की पक्कं, दोनदा म्हटलं की मध्यम. हा नियम कोणत्या शाळेनं शिकवला नाही, बोलणाऱ्यांनीच तो घडवला.

‘एकदम ओके’ राज्यभर गाजला तो २०२२ मध्ये. त्या वर्षी जून महिन्यात शिवसेनेचे बंडखोर आमदार गुवाहाटीत मुक्कामी असताना सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं फोनवरचं संभाषण बाहेर आलं. तिथली झाडी, डोंगर, हॉटेल यांचं वर्णन करून सगळं ओकेमध्ये असल्याचं ते आपल्या कार्यकर्त्याला सांगत होते. माणदेशी बोलीतलं ते बोलणं महाराष्ट्रभर पसरलं. ऑगस्टमधल्या पावसाळी अधिवेशनात विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ अशी घोषणा दिली. खोका म्हणजे बाजारबोलीत कोटी रुपये; बंड करून सत्तेत गेलेल्या आमदारांनी पैसे घेतले, असा तो आरोप होता. सत्ताधारी आमदारांनी हा आरोप साफ नाकारला. त्या वर्षीच्या पोळ्याला काही ठिकाणी बैलांच्या अंगावरही ही घोषणा रंगवलेली दिसली. दोन महिन्यांत तोच शब्द समाधानाकडून आरोपाकडे गेला, आणि दोन्ही वेळा श्रोत्यांना अर्थ सांगावा लागला नाही. शब्द पूर्ण रुजल्याशिवाय असं घडत नाही.

सरकारनंही एकदा या शब्दावर हात उगारल्यासारखं वाटलं. ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’ या ओळीतल्या ‘ओके’चा अर्थ काय, याच्या अनेक दंतकथा आहेत आणि एकीलाही ठोस पुरावा नाही. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागानं ही ओळ लिहिण्यावर बंदी घातली, कारण तिच्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं. आक्षेप हॉर्नला होता, शब्दाला नव्हता.

जिथं ‘ओके’मागे माप आहे

जालन्याची ओळख दोन उद्योगांमुळे आहे, लोखंडी सळई आणि बियाणं. या दोन्ही ठिकाणी ‘ओके’ सर्वांत भक्कम अर्थानं वापरला जातो.

सळईचं पाहा. घर बांधताना आपण ‘५०० ग्रेडची’ सळई मागतो. भारतीय मानक १७८६ नुसार ‘एफई ५००’ सळईनं किमान ५०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतका ताण कायमची न लांबता सोसला पाहिजे. तुटण्याआधी ती किमान १२ टक्के लांबली पाहिजे. नमुन्याचा तुकडा यंत्राच्या दोन जबड्यांत धरून ओढतात, काटा वर चढत जातो, सळई मध्येच बारीक होते आणि मोठ्या आवाजानं तुटते. आकडा मानकाच्या वर असेल तरच तो माणूस ‘ओके’ म्हणतो. त्याच्या त्या दोन अक्षरांवर कुणाच्या तरी स्लॅबचा भार असतो.

बियाण्याचंही तेच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ सुरू केली आणि जालना देशाच्या बियाणे नकाशावर आलं. १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याचा लॉट ‘ओके’ म्हणजे काय, हे मानकानं ठरवलेलं आहे. सोयाबीनची उगवणक्षमता किमान ७० टक्के हवी. शेतकरीही हे घरी तपासू शकतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, ओल टिकवायची आणि आठवडाभरात मोड मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणं ओके, कमी आले तर पेरताना बियाण्याचं प्रमाण वाढवायचं. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला होता. पिशवीवरच्या ‘ओके’वर विसंबणारा आणि गोणपाटावर स्वतः मोजून ‘ओके’ म्हणणारा, यांच्यातलं अंतर तेव्हा सगळ्यांना दिसलं.

मोंढ्यातल्या ‘माल ओके आहे’ या बोलण्यामागे असं माप नसतं. तिथं ते मत आहे, तेही विकणाऱ्याचं. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ढिगातलं फळ हातात घेऊन, दाबून, कापून पाहिल्याशिवाय घेणारा आजही ‘ओके’ म्हणत नाही. त्यानं तसंच वागावं.

जिथं ‘ओके’ अपुरा पडतो

अडचण सुरू होते ती संमतीच्या जागी. कुठल्याही ई-सेवा केंद्रात थोडा वेळ उभं राहिलं की ती दिसते. समोर पासष्टीचा शेतकरी, नांगर-खुरप्यानं अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. चालक म्हणतो, ‘बाबा, अंगठा दाबा’. यंत्र नाकारतं. ‘पुसून पुन्हा दाबा.’ तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागतो. ‘ओके झालं.’ मग मोबाइलवर आकडे येतात. ‘बाबा, ओटीपी सांगा.’ बाबा आकडे वाचून दाखवतात. पडद्यावर अटींचा मजकूर येतो, चालक ‘ओके’ दाबतो. ‘झालं बाबा, ओके?’ बाबाही म्हणतात, ‘ओके’. बहुतेक चालक प्रामाणिकपणे काम करतात, पण त्या शेवटच्या ‘ओके’त बाबांनी नेमकं काय मान्य केलं? विमा, कर्ज, खात्याची जोडणी की फक्त ओळख पटवणं? त्यांना विचारलं तर ते सांगू शकणार नाहीत. याच जागी जुन्या कचेरीत ‘कबूल आहे का?’ असा प्रश्न असता, तर निदान ‘काय कबूल?’ हा उलट प्रश्न तोंडी आला असता. ‘ओके’ उलट प्रश्न येऊ देत नाही.

दवाखान्यात तर यावर जीव अवलंबून असतो. डॉक्टर भरभर सांगतात, ‘ही गोळी जेवणाआधी, ही नंतर, पाच दिवस, ओके?’ पेशंट म्हणतो, ‘ओके’. त्याचा अर्थ ‘ऐकलं’ इतकाच असतो, आणि डॉक्टर तो ‘समजलं’ असा घेतात. ‘कशी घेणार ते सांगा बरं’ असं एकदा विचारलं की घोळ लगेच कळतो.

तिसरी जागा मनाची. ‘तू ओके आहेस ना?’ हा प्रश्न आता गावातली तरुण मुलंही एकमेकांना विचारतात. विचारतात हे चांगलंच आहे. पण त्याचं उत्तर ‘हो, ओके’ इतकंच येतं आणि बोलणं तिथंच थांबतं. आपल्या घरांत ‘जिवाला बरं वाटत नाही का?’ असं विचारलं जाई. त्या प्रश्नात बसून ऐकण्याची तयारी असे. दुष्काळ, कर्ज आणि पडलेले भाव पाहिलेल्या या जिल्ह्यात ही तयारी गमावणं आपल्याला परवडणार नाही.

मग काय करावं?

शब्द हाकलण्याचे प्रयत्न मराठीत नवे नाहीत. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली आणि माधव ज्युलियन यांनी १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. या प्रयत्नांनी आपल्याला ‘दिनांक’, ‘महापौर’ असे उत्तम शब्द दिले, हे ऋण मोठं आहे. पण रोजच्या तोंडात बसलेले ‘कबूल’ आणि ‘मंजूर’ त्यांतून हलले नाहीत, आणि ‘ओके’ही हलणार नाही. तो हलवण्यात शक्ती घालवू नये. ‘ओके’ आता मराठी शब्द आहे, त्याला कोशात जागा द्यावी, त्याचे मराठी अर्थ आणि ‘ओकेमध्ये’सारखी मराठी रूपं नोंदवावीत. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आपल्या जिल्ह्याच्या बोलीतले असे शब्द टिपण्याचं काम विद्यार्थ्यांना द्यावं.

खरं नुकसान शब्द आल्यानं होत नाही, त्याच्यापायी बाकीचे शब्द तोंडातून गेल्यानं होतं. ‘समजलं’, ‘पटलं’, ‘मान्य’, ‘कबूल’, ‘जमतंय’, ‘चालतंय’ या प्रत्येकात माणूस वेगवेगळी जबाबदारी घेतो. भाव जमल्यावर, फोन ठेवताना, सळई चाचणीत उतरल्यावर ‘ओके’ खुशाल म्हणावं. पण जिथं सही आहे, अंगठा आहे, औषध आहे, कर्ज आहे किंवा समोरच्याचं दुःख आहे, तिथं विचारणाऱ्यानं ‘ओके?’ विचारू नये आणि उत्तर देणाऱ्यानं नुसतं ‘ओके’ म्हणू नये. शिक्षक, डॉक्टर, बँकेतले कर्मचारी आणि ई-सेवा केंद्राचे चालक यांना कळकळीची विनंती आहे : समोरच्याला त्याच्या शब्दांत विचारा, ‘काय समजलं?’, आणि त्यानं ते सांगितल्यावरच पुढचं बटण दाबा.